नवरात्रात येणारा नारळ

त्या वर्षी नवरात्र संपत आलं तरी वाड्यावरचा नारळ आला नाही, आणि आमच्या आईला चैन पडेना. आम्ही मालवणातले ख्रिस्ती. नवरात्राशी आमचा संबंध एवढाच, की त्या दिवसांत बाजारात मासळी स्वस्त होते आणि माझ्या शिवणकामाच्या दुकानात दांडियाच्या घागऱ्यांची रीघ लागते. पण वालावलच्या पलीकडे, आत डोंगराच्या पायथ्याशी, एका लहानशा जुन्या संस्थानिकांचा वाडा आहे. तिथून दर नवरात्रात एक म्हातारा गडी एस.टी.ने यायचा. पितळेच्या तबकात एक नारळ, ओंजळभर तांदूळ आणि एक हिरवा खण. ते तबक तो आईपुढे धरायचा, "वाड्यावरसून धाडल्यानी," एवढंच म्हणायचा आणि चहा पिऊन निघून जायचा.

माझे पणजोबा आचऱ्याचे पाववाले. वाड्यावर साहेबलोक पाहुणे आले की पाव भाजायला त्यांना बोलावणं यायचं. त्या पावाची आठवण म्हणून हा नारळ, अशी आमच्या घरातली समजूत. पणजोबांना जाऊन किती वर्षं झाली, त्यांच्या मागे भट्टी सांभाळणारी त्यांची एकुलती लेक, म्हणजे माझी आजी, तीही गेली, तरी नारळ चालूच. असा कसला पाव तो, असं कोणी विचारलं नाही. त्याहून मोठी गोष्ट आमच्या नाकासमोर होती. आजी होती तोवर नारळ आचऱ्याला यायचा. आजी गेल्यावर तो तिथे मामाकडे जायला हवा होता, कारण भट्टी मामाकडे. पण तो यायला लागला मालवणात, आईकडे. मामीने त्यावरून आईशी वर्षभर अबोला धरला होता. पावाचा नारळ भट्टीचं घर सोडून लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या मागे कशाला येईल, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आम्ही आपले खण वापरत राहिलो. माझ्या शिलाई मशीनवरचं झाकण त्याच खणांचं आहे.

मला मात्र त्या दिवसांत नारळाचं काही पडलं नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, आईने नाही. वय पस्तिशीच्या उंबऱ्यावर, वडील कधीचे गेलेले, आणि दुसऱ्यांच्या मुलींचे पांढरे झगे शिवून शिवून मला त्या रंगाचाच कंटाळा आलेला. अशात आमच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात हा दाखल झाला. घरची मच्छीमारी, स्वतःची होडी, आवाज खर्जातला आणि तालाशी फारसं सख्य नाही. एकदा सदऱ्याचं बटण लावून घ्यायला तो दुकानात आला. आठवड्याने तेच बटण पुन्हा तुटलं. पुढच्या खेपेला मी दोरा निरखून बघितला, तर तो सरळ कापलेला.

"होडयेर कात्री कित्याक लागता तुका?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "हंय येवक दुसरा निमित गावला नाय."

मला हसू आवरलं नाही, आणि मग दिवसभर शिवणीत लक्ष लागलं नाही. एका पोलक्याच्या दोन्ही बाह्या मी उजव्या शिवल्या.

आईचा आक्षेप त्याच्या वाडीला. तो दर्यावरच्या लोकांतला. क्रूस एक, वेदी एक, मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, बाकसुद्धा एक. पण पाववाल्यांच्या नातीने जाळेवाल्यांच्या घरात जायचं नाही, हे आईने कुठल्या शुभवर्तमानात वाचलं होतं देव जाणे. मी फादरांकडे नावं दिली. घरी आल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "लगीन कर. पण रोसाक माझो हात लागाचो नाय."

रोस म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात तो विधी; त्या दुधालाही रोसच म्हणतात. हिंदूंची हळद तसा आमचा रोस. पहिला हात आईचा. आई वारली असेल तर मावशीचा, मामीचा, शेजारणीचा. पण आई घरात असून पहिला हात दुसरीचा लागला, तर ती मुलगी आशीर्वादाशिवाय निघाली असं आमच्यात समजतात. आईला हे पक्कं ठाऊक, म्हणून तिने नेमकं तेवढंच धरून ठेवलं. मी तोंडाने "नको तर नको" म्हटलं. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. दुकान उघडायचं, मशीन पुसायची, दुकान बंद करून धक्क्यावर जायचं, तिथून परत यायचं. घरात आई नारळाच्या वाटेकडे डोळे लावून फेऱ्या मारायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत. शेवटी मीच म्हटलं, जाऊन बघून येते वाड्यावर. तो म्हातारा धड आहे का ते कळेल, आणि जुनी गिऱ्हाइकं म्हणून पत्रिकाही देता येईल.

माझ्या होडीवाल्याच्या मोटारसायकलवर निघालो. नवरात्र, म्हणून मासे नेता येईनात, आणि रिकाम्या हाताने जाणं त्याला पटेना. म्हणून चांगलीच वाट वाकडी करून आम्ही आधी आचऱ्याला गेलो आणि मामाच्या भट्टीतले गरम पाव पिशवीत भरून घेतले.

वाडा म्हटल्यावर माझ्या डोक्यात बुरूज होते. निघालं एक लांबलचक कौलारू घर, त्यावर टीव्हीची तबकडी आणि एका अंगाला काजूगर सोलायचा छोटा कारखाना. ओटीवर बायका गर निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात चष्मा नाकावर घसरलेली, सत्तरी ओलांडलेली एक बाई सूप घेऊन होती. तिलाच सगळ्या बाईसाहेब म्हणत होत्या. माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे बोली आमची नव्हती.

"कुणाची तू?" त्यांनी विचारलं.

"आचऱ्याच्या पाववाल्यांची. त्यांच्या लेकीची नात."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "लेकीच्या लेकाची, का लेकीच्या लेकीची?"

"लेकीच्या लेकीची."

"आई बरी आहे ना? यंदा उशीर झाला बघ. आमचा गडी घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं. मी माणूस बघतच होते पाठवायला. चुकवलं नसतं मी." एवढं बोलून त्या उठल्या, हात धुऊन आल्या, मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "ओढणी पसर."

"आम्ही ख्रिस्ती," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. तुझी पणजीही ख्रिस्तीच झाली होती. ओटी लेकीची भरतात, आणि तू लेक आहेस या घरची."

नारळ ओढणीत पडला तेव्हा मला तो पेलवेना. बायकांनी हातातले गर हातातच ठेवले होते.

मग त्यांनी सांगितलं. माझी पणजी त्यांच्या सासऱ्यांची थोरली बहीण. सरकारांची लेक. वाड्याच्या परसात पाहुण्यांच्या पावासाठी भट्टी घातली होती. ती अजून आहे, हल्ली तिच्यात काजूची टरफलं जाळतात. पाववाला पाव भाजायचा आणि सरकारांची लेक तिथे येऊन उभी राहायची. एके दिवशी ती त्याच्याबरोबर गोव्याला गेली, तिथे बाप्तिस्मा घेतला, तिथेच लग्न ठरलं. इकडे सरकारांनी ती तापाने गेली असं गावाला सांगितलं आणि तिचं तेराव्यापर्यंत सगळं करून मोकळे झाले. तिने गोव्याहून माणसाकरवी आपल्या आईला, राणीसाहेबांना, निरोप धाडला होता: तू येऊ नकोस, तुला येता येणार नाही. पण माझ्या रोसाला तुझ्या हातचा एक नारळ तरी पाठव.

"मग?" मी विचारलं.

"नाही पाठवला. नवऱ्याला भ्यायल्या. रोसाचा पहिला हात कुणा शेजारणीने लावला म्हणे."

पुढे काही वर्षांनी पाववाला बायकोला घेऊन आचऱ्याला आला. गावाला ती गोव्याकडची वाटली आणि तिने ते कधी खोडलं नाही. राणीसाहेबांना कळलं, आणि त्या वर्षीच्या नवरात्रापासून नारळ सुरू झाला. आधी लेकीला, मग लेकीच्या लेकीला. जिथे लेक, तिथे नारळ.

"मी लग्न होऊन आले तेव्हा आजेसासूबाई, त्याच राणीसाहेब, अंथरुणाला खिळलेल्या," बाईसाहेब सांगत होत्या. "डोळे गेलेले. नवरात्र आलं की नारळांचा ढीग समोर आणायला लावायच्या आणि एकेक कानाशी हलवून आतलं पाणी ऐकायच्या. मनाजोगा मिळाला की तो बाजूला काढायच्या. मला म्हणाल्या, एक नारळ द्यायचा राहिला माझा, तो काही केल्या पोचत नाही. तू मात्र बंद करू नकोस. आता तू सांग पोरी, आचरा इथून किती लांब गं? पण लेक पुन्हा दिसली नाही त्यांना."

हा पायरीवर बसून सगळं ऐकत होता. त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. कोण, काय करतो, सगळं विचारून झालं. पिशवीत पाव आहेत म्हटल्यावर त्यांनी एक उचलला, नाकाशी धरला आणि चहाबिहा न मागता नुसताच मोडून खाल्ला. मग मला विचारलं, "आई खूश आहे ना?" मला खोटं सांगायचं होतं. तोंडातून रोसाची सगळी हकीगत बाहेर पडली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा गर निवडायला घेतले.

घरी येऊन मी आईला सांगायला लागले. "सरकारांची लेक" इथपर्यंत तिने ऐकलं, आणि त्यापुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही. मी रोसाचं सांगते आहे, ती आरशात बघते आहे.

"माका वाटतच होता," ती म्हणाली. "आमचा नाकच येगळा."

पुढच्या रविवारी जरीची साडी नेसून ती मिस्सेला पहिल्या बाकावर. त्या दिवशी आमच्या लग्नाची पहिली चिठ्ठी वाचली गेली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचतात. कोणाची हरकत असली तर त्याने फादरांना सांगायचं. मिस्सा सुटल्यावर आई थेट फादरांकडे. मुलीचं घराणं राजाचं निघालं, याची हरकत धरता येते का? फादरांनी बराच विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, की राजेपण हरकतींत बसत नाही.

"राजाच्या घरातला चेडू दर्यार?" वाटभर आई पुटपुटत होती. "आता तर नायच."

ते दिवस मला अजून आठवतात ते उसवण्याच्या आवाजाने. माझा स्वतःचा झगा मी तेव्हा शिवायला घेतला होता. मनात आलं, त्याला आतून वाड्याच्या खणाचं अस्तर लावावं. लावलं. पांढऱ्यातून हिरवं दिसायला लागलं, उसवलं. मग फक्त कमरेला लावलं, तेही उसवलं. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसले की मणी हातातून निसटायचे आणि कुठल्या रहस्यावर होते ते विसरायला व्हायचं. राजवाड्याचं मला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते त्या मुलीचं. गोव्यात कोणाच्या तरी परक्या अंगणात ती रोसाला बसली असेल, आणि वाटेवर पाऊल वाजलं की मान वर करत असेल. आला का नारळ? तिला निदान आई लांब असल्याचा आधार तरी होता. माझी आई चार हातांवर स्वयंपाकघरात असणार होती. सायबिणीला, मारियामातेला, मी रोज एकच सांगायचे: तुलाही आई होती, तिला म्हणावं माझ्या आईच्या कानात काहीतरी घाल. मला फार भीती वाटत होती.

आणि हा गप्प होत चालला होता. आधी "राणीसरकार, चाय घेतल्यात?" असं चिडवायचा, दुसरी चिठ्ठी वाचली गेली तेव्हा तेही बंद. मी धक्क्यावर गाठलं. तो जाळं सांधत होता.

"काय झाला तुका?"

"काय नाय." सुई दोनदा जाळ्यातून गेली. "उद्या तुका पस्तावो झालो तर? तू राजाच्या घरातला. माझ्याकडे एक होडी आणि एक सदरो. तेचाय बटण तुटलेला."

मला रागच आला. "माझी पणजी वाडो सोडून भट्टीच्या धुरात गेली. तिका नाय झालो पस्तावो, माका खंयसून येतलो?"

"तिका नाय झालो, ह्या तुका कोणी सांगला?"

 खरंच कोणी सांगितलं नव्हतं. तिने जन्मात कोणाजवळ अक्षर काढलं नव्हतं. नारळ आला की ती काय करत असेल, बघत असेल की नसेल, आनंदाने घेत असेल की तोंड फिरवत असेल, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मग जे खरं होतं तेच म्हटलं. "झालो, तर तुझ्याच होडयेत बसान रडतलंय. पण दुसऱ्याच्या बंगल्यात बसान हसाचा नाय माका."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. सदऱ्याचं उरलेलं एक बटण त्याने माझ्यादेखत ओढून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. माणूस कसा आहे ते मला तेवढ्यावरून कळलं, आणि त्याच्यावरचा जीव तिथेच दुप्पट झाला.

रोसाच्या संध्याकाळी अंगणात मांडव होता. गायनमंडळातल्या बायका रोसाची गाणी म्हणत होत्या. मी जुना झगा घालून पाटावर बसले होते. आई स्वयंपाकघरात, धुतलेलीच भांडी पुन्हा धूत. नारळाच्या दुधाची वाटी घेऊन मामी तयार होती. नारळ गेला तो गेला, पहिला हात तरी आपला, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. फादरांची प्रार्थना झाली. सगळ्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि मग बघायचं सोडलं.

तेवढ्यात एक धुळीने भरलेली जीप दारात थांबली. बाईसाहेब उतरल्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खिडकी अंगणातच उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"मी वाड्यावरून आले."

आईची धांदल. खुर्ची सरकवल्याचा आवाज. "बसा, बसा बाईसाहेब. आदी कळवल्यात असतात तर..."

"बसायला नाही आले. हा घ्या."

"नवरात्राचो नारळ? आता?"

"नवरात्राचा मी पोरीजवळ दिला. हा तुमच्या आजीच्या रोसाचा. पोचायला उशीर झाला."

"आजयेच्या रोसाचो?"

"तिने मागितला होता. आईने दिला नाही. मग मरेपर्यंत दर वर्षी पाठवत राहिली, पुढे आम्ही पाठवला. पण रोस काय पुन्हा होतो, बाई?"

आईने हे मी सांगितलं तेव्हा ऐकलं नव्हतं. आता ऐकत होती.  मग खळ्‌ असा बारीक आवाज आला, आणि मला कळलं की ती नारळ कानाशी धरून हलवते आहे. असं करायला तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

मग कोयतीचा घाव. मग खवणी. बायकांचं गाणं केव्हाच थांबलं होतं. मामी वाटी धरून उभीच होती. फादर घड्याळाकडे बघत नव्हते, हे त्यांचे उपकार.

आई बाहेर आली ती जरीच्या साडीत नाही, घरातल्या कापडात, कोपरापर्यंत हात पांढरे, पितळी वाडगं पोटाशी धरून. तिने मामीला खांद्यानेच बाजूला केलं. माझ्या टाळूवर तळवा ठेवला आणि तो रोस कपाळावरून, डोळ्यांवरून, गळ्यापर्यंत खाली आला. कोमट होता. मी मान वर केली तेव्हा तिचा चेहरा रागावल्यासारखा होता.

"पिढ्यानपिढ्या नारळ धाडीत बसाक माका जमाचा नाय," ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि डोक्यावरचा हात तिने काढलाच नाही, मामी मागे खोळंबली होती तरी.